भर पावसात रस्त्यावरचं खायचं का? तीन महिने काढायचेत

छत्रीवाली_पाहुणी

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी तीन महिने एका विषुववृत्ताजवळच्या शहरात राहायला जातेय आणि नेमके तेच तीन महिने तिथे धो धो पावसाचे आहेत. खोली मिळालीय पण तिला स्वयंपाकघर नाही, एक इलेक्ट्रिक किटली आहे तेवढी. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण बाहेरच, आणि रोज हॉटेलात बसून जेवायला ना पैसे पुरणार ना वेळ. शिवाय खरं सांगते, मला रस्त्यावरचं खायला मनापासून आवडतं, वर ताडपत्रीवर पाऊस वाजतोय, समोर कढईतून काहीतरी निथळून बाहेर येतंय आणि आपण बोटं भाजत ते खातोय, हे सुख मला सोडायचं नाहीये.

पण ज्याला सांगावं तो घाबरवतोच. मैत्रीण म्हणते पावसाळ्यात बाहेरचं तोंडात घालू नको, कावीळ ठरलेली. दुसरा एक सहकारी म्हणतो मी जन्मभर खातोय मला काय झालं. दोघांचंही ऐकून मी उद्या गाड्यासमोर उभी राहिले तर काय बघायचं हे काही मला कळलेलं नाही. पावसाळ्यात नेमकं बिघडतं काय? अन्न की पाणी की अजून काही? कुठला गाडा बरा हे लांबून ओळखता येतं का? आणि शेवटचे पंधरा दिवस माझा सात वर्षांचा मुलगा येणार आहे, त्याच्यासाठी वेगळं काय सांभाळू? "खाऊ नका" एवढंच सांगायचं असेल तरी चालेल पण का ते सांगा.

शेगडीमागचा

ताई, मी तुम्हाला गाड्याच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. आईवडिलांचा तळणाचा गाडा होता आणि शाळेत असल्यापासून अकरा वर्षं मी त्या शेगडीमागे उभा राहिलोय.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात मोठा बदल कुठला व्हायचा तर गिऱ्हाईक गायब व्हायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी घाणा काढला की चाळणीत टेकायच्या आत संपायचा. पावसाळ्यात काय व्हायचं, पाच वाजता गर्दी म्हणून दोन-तीन घाणे काढून ठेवायचे आणि तेवढ्यात सर कोसळायची, लोक पळून समोरच्या आडोशाला. ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचा फुगा लोंबायचा, तो मी झाडूच्या दांड्याने खालून ढकलायचो, पाणी कढईत पडू नये म्हणून बाहेरच्या अंगाला, कारण तापल्या तेलात एक थेंब पडला तरी हातावर फोड. वडील गॅस बारीक करायचे, सिलिंडर फुकट जाऊ नये म्हणून. आणि ते तळलेलं चाळणीत बसून राहायचं. अर्धा तास, कधी दीड तास. पाऊस थांबला की सगळे एकदम यायचे, भुकेले, घाईत, आणि प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता हवं. अशा वेळी चाळणीतलंच परत तेलात बुचकळून देण्याचा मोह कुणालाही होतो. वाईट माणूस असावा लागत नाही त्याला, घरी भाडं द्यायचं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे वीस-वीस लिटरचे दोन कॅन असायचे, लांबच्या नळावरून मी भरून आणायचो. कोरड्या दिवसात दोन फेऱ्या सहज व्हायच्या, चिखलात गुडघाभर पाण्यातून दुसरी फेरी कोण मारणार, मग प्लेटा विसळायची बादली तीच चालायची. सात वाजेपर्यंत त्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि रंग राखेसारखा. आई ओरडायची आणि मला परत पाठवायची, ती तशी होती म्हणून. पण तिने ओरडलं नसतं तर मी गेलो नसतो, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं असं की गाडा किती चकाचक आहे ते नंतर बघा, आधी हे बघा की समोरचं अन्न किती वेळ थांबलेलं आहे आणि प्लेट कशात विसळलीय. तुमच्या डोळ्यांदेखत कच्चं पीठ किंवा कच्चा माल तेलात पडून, तव्यावर चढून, उकळत्या भांड्यातून तुमच्या हातात आला तर निम्मी काळजी संपली. रचून ठेवलेल्या ढिगातलं द्यायला लागला तर हसून सांगा, घाई नाही, पुढच्या घाण्यातलं द्या. कुणी रागवत नाही, उलट आम्हाला बरं वाटायचं की हा माणूस थांबतोय. पाऊस थांबल्या थांबल्या जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊद्यात, साठलेला माल उठू द्या. आणि स्वतःची स्टीलची ताटली आणि चमचा पिशवीत ठेवा, बादलीचा प्रश्नच मिटला.

पेट्रीडिश

शेगडीमागचा यांनी जे सांगितलं त्यामागचं कारण सांगते, मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जिवाणू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाचे पाच नियम २००१ पासून जगभर सांगायला सुरुवात केली, त्यात हेच आहे की शिजवताना आतपर्यंत ७० अंश गेले पाहिजेत, वाढेपर्यंत ६० च्या वर राहिलं पाहिजे आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. उष्ण दमट शहरात बाहेरची हवाच तीस अंशाच्या आसपास, म्हणजे गॅस बारीक केलेलं पातेलं जिवाणूंना अगदी हवं तसं. काही जिवाणू अनुकूल हवेत वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशोब करून बघा, एकाचे दोन, दोनाचे चार असं करत सात तासांत एकाचे वीस लाखांच्या वर जातात.

आता "परत गरम करून देतो" याबद्दल, कारण इथे बहुतेक जण फसतात. शिजवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, उकळीने ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष नंतर तव्यावर कितीही परतलं तरी जात नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू माणसाच्या नाकात, हाताच्या जखमेत असतो, त्याच्या विषाचंही तसंच. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरात उलट्या सुरू होतात ना, त्यामागे बऱ्याचदा हे दोघे असतात. म्हणून वाफ दिसली की झालं असं समजू नका, ती वाफ पहिल्या शिजण्याची आहे का ते बघा. सकाळचा भात संध्याकाळी परतून मिळत असेल तर मी तो घेत नाही, मग तो कितीही वाफाळत असो.

पाणी मात्र पावसाचा खरा गुन्हेगार. बऱ्याच शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि जमिनीखाली त्याच्या शेजारून गटाराची लाइन गेलेली असते, पावसात ती तुंबून भरलेली असते. पाइपाला कुठे बारीक चीर असली की बाहेरचं घाण पाणी आत शिरतं, आणि पाणी परत सुटलं की पहिला लोंढा तोच नळातून येतो. त्यात पाणी गढूळ असलं की क्लोरीन त्या गाळातच खर्च होतं. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून एका हातपंपावर बोट ठेवलं होतं, त्या पंपाच्या विहिरीशेजारीही मैल्याचा खड्डाच निघाला. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळणं, गोष्ट तीच आहे अजून.

मग हे पाणी तुमच्या पोटात कुठून जातं तर ग्लासातून कमी आणि बाकीच्या वाटांनी जास्त. बर्फ. कच्च्या पाण्यात कालवलेलं पातळ तोंडीलावणं. ताजी दिसावीत म्हणून पाणी शिंपडत ठेवलेली कापलेली फळं. धुतलेली कच्ची पालेभाजी. रसात घातलेलं पाणी. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबतात, आणि लिंबू पिळलं, तिखट घातलं, दारू घातली म्हणून तेवढ्यात काही मरत नाही, हे मी लॅबमधून खात्रीने सांगू शकते. मी स्वतः गाड्यावर बिनधास्त खाते पण बर्फ आणि कापलेलं फळ पावसाळ्यात बंद म्हणजे बंद.

किटली आहे म्हणालात ते उत्तम. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, किटली आपोआप बंद होत असेल तर झाकण लगेच उघडू नका, आणि तेच बाटलीत भरून न्या. दात घासायलाही तेच. हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही.

एकदा_पुरे

मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. मला अशाच एका शहरात पावसाळ्यात टायफॉइड झाला. गरमच खाल्लं होतं, समोर बनवलेलंच खाल्लं होतं, गर्दीचाच गाडा होता. आधी वाटलं साधा ताप, ऑफिसला जात राहिलो, चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढताना भिंत धरायला लागलो. पहिल्या दवाखान्यात तपासणी न करताच गोळ्या दिल्या, त्यात आठवडा गेला. पुढे ॲडमिट, आणि घरी आल्यावरही महिनाभर दोन घास गेले की पोट भरायचं. बायको रोज मऊ भात कालवून समोर बसायची आणि मी रडायचो, खाता येत नाही म्हणून. वीस वर्षांची नोकरी झाली, इतका अशक्त मी कधीच नव्हतो.

त्यामुळे ताईंनी सुखाचं जे वर्णन केलंय ते मला समजतं पण त्या सुखाची किंमत माहीत असलेला कुणीतरी इथे बोलला पाहिजे असं वाटलं. मुलगा येणार ते पंधरा दिवस तरी गाडे बंद ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

पेट्रीडिश

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आणि तुम्ही चुकीचं काही सांगत नाही. गरम खाल्लं तरी धोका शून्य होत नाही, वर ओतलेलं चमचाभर पातळ तोंडीलावणं किंवा ओली प्लेटसुद्धा पुरते. आणि टायफॉइडला आजार उघड व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे आपण ज्या गाड्याला दोष देतो तो बहुतेकदा शेवटचा आठवलेला गाडा असतो, खरा घास कुठला होता ते कळतच नाही. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित अन्न-पाण्याची कावीळ, तिला तर सरासरी २८ दिवस लागतात, कधी पन्नासपर्यंत.

पण "गाडा बंद, हॉटेल चालू" याने माझं समाधान होत नाही. तिथे स्वयंपाकघर भिंतीआड आहे, काय किती वेळ ठेवलंय ते दिसत नाही. झाकणाखाली मंद दिव्यावर तीन तास ठेवलेला बुफे हा वर सांगितलेल्या ५ ते ६० मध्येच बसलेला असतो. गाड्यावर निदान आपले डोळे काम करतात.

ताई, निघायच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए दोन्हीच्या लशी आहेत, मुलालाही देता येतात. इंजेक्शनची टायफॉइडची लस प्रवासाच्या दोन आठवडे आधी घेतलेली बरी. पूर्ण संरक्षण त्याही देत नाहीत, पण दादांवर आली तशी वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.

रात्रपाळी

लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, पावसाळा म्हणजे आमच्याकडे एका खाटेवर दोन पोरं. मी फक्त मुलाबद्दल लिहिते.

सात वर्षांचं मूल दिवसाला सात-आठ जुलाबांत कसं कोमेजतं ते मी रोज बघते. आईला वाटतं झोपलाय, खरं म्हणजे त्याच्यात डोळे उघडायची ताकद नसते. म्हणून बॅगेत औषधांच्या आधी ओआरएसची पाकिटं टाका, दहा-बारा तरी. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी, अंदाजे ग्लासात अर्धं पाकीट टाकायचं नाही, हे मी हात जोडून सांगते, कारण घट्ट केलेलं ओआरएस उलट अपाय करतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. पाकीट नसेलच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा. मीठ जास्त नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमचा चमचा.

साखर-मीठ-पाण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, लोकांना सलाइन लावलं की बरं वाटतं. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांच्याकडचं सलाइन संपत आलं होतं, तेव्हा त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांना तोट्या लावून वाटलं, नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं ते ४ च्या खाली आलं. मी नवीन सिस्टरांना पहिल्या दिवशी हेच सांगते.

जुलाब थांबवायची गोळी मुलाला देऊ नका. मोठ्यांनीही ताप किंवा शौचात रक्त असेल तर घेऊ नये. उरलेलं अँटिबायोटिक शोधून तर अजिबात नको. मुलांना झिंक २० मिलिग्रॅम रोज, दहा ते चौदा दिवस देतात, ते डॉक्टरांना विचारून. आणि लगेच उचलून न्यायचं केव्हा तर शौचात रक्त, उतरत नाही असा ताप, सारख्या उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, पोर सुस्त, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब धो धो लागले. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

जेवणाचं म्हणाल तर उकळत्यातून आलेलं, तव्यावरून उतरलेलं चालेल, आपल्या हाताने सोलायचं केळं चालेल. बाकी त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा, पोरं डबक्यात हात घालतात आणि तोच हात तोंडात. तुंबलेल्या पाण्यातून चालत नेऊ नका, पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते, ते पोटाचं नाही पण पावसाचंच आहे.

छत्रीवाली_पाहुणी

पाच आठवड्यांनी परत लिहितेय, सगळ्यांचं ऋण आहे म्हणून. निघायच्या आधी दोन्ही लशी घेतल्या, मुलालाही दिल्या. ताटली, चमचा, बाटली रोज पिशवीत.

पहिले चार दिवस मी काही खाल्लं नाही, नुसती बघत फिरले. खोलीच्या जवळ एकाच ओळीत पाच गाडे आहेत. त्यातला सगळ्यात देखणा गाडा, काचेची पेटी, आत दिवा, पण दुपारी एकला बघितलेला रचलेला ढीग सहाला जवळपास तेवढाच होता, मी कडेच्या एका तुटक्या तुकड्यावरून ओळखला. शेवटच्या गाड्यावर एक म्हातारी बाई आहेत, ताडपत्री फाटकी, दिवा नाही. त्यांचं मोठं पातेलं सतत उकळत असतं, फुटलेली उकळी कानाला ऐकू येते इतकी, आणि मागितल्याशिवाय त्या त्यात काही टाकत नाहीत. कच्चा माल झाकलेल्या डब्यात, पैसे घ्यायला नात बसते, बाईंचा हात पैशाला लागत नाही. वाटी घ्यायच्या आधी त्या त्याच उकळत्या पाण्याचा एक डाव वाटीवर ओतून फेकतात. हे बघितल्यावर मी ताटली बाहेर काढली. आता रोज तिथेच. भाषा कळत नाही पण मी आले की त्या कच्ची हिरवी पानं घातलेला वाडगा बाजूला सारतात, माझ्यासाठी ती पानं उकळीत टाकतात, मी पहिल्या दिवशी खुणेने सांगितलं होतं ते लक्षात ठेवलंय.

एकदा पोट बिघडलं, कबूल करते. ऑफिसमध्ये वाढदिवस होता आणि कुणीतरी आग्रहाने गार सरबत हातात दिलं, बर्फासकट, नाही म्हणता आलं नाही. दोन दिवस ओआरएसवर होते, रात्रपाळी ताई, तुमच्या शब्दाबरहुकूम एक लिटर मोजून. तिसऱ्या दिवशी ठीक.

एकदा_पुरे दादा, तुमची विनंती विसरलेली नाही. मुलगा आला की बाकी सगळे गाडे त्याच्यासाठी बंद, फक्त आजींच्या पातेल्यातलं देईन आणि तेही मी दोन महिने तिथे धड राहिले तरच. हे चालेल का सांगा. त्यांच्या शेजारी एक तळणाचा गाडाही आहे, तिथे मी अजून गेले नाही, पोरगं मात्र नक्की मागणार.

एकदा_पुरे

चालेल. तुम्ही चार दिवस नुसतं उभं राहून बघितलंत ते मी केलं नव्हतं.

शेगडीमागचा

तळणाच्या गाड्यावर जायचं तर तो उघडतो कधी ते बघून ठेवा आणि तेव्हाच जा ताई. पहिला घाणा निघतो तेव्हा कढई नुकती तापलेली असते, बादलीतलं पाणी नवं असतं, चाळणी रिकामी असते. पोराला पहिल्या घाण्यातलं द्या, वरचं पातळ काही न घालता, तुमच्या ताटलीत. आणि पाऊस येईलसं वाटलं तर त्या दिवशी राहू द्या, दुसऱ्या दिवशी न्या.